शिलोहाचा बुरूज आणि अननसाचा केक

ठाण्यात टेंभी नाक्यावरून मासुंदा तलावाकडे निघालं की थोड्याच वेळात संत जॉन बाप्टिस्ट चर्च लागतं. संत जॉन म्हणजे नदीत उभा राहून बाप्तिस्मा देणारा योहान. त्याचा सण २४ जूनला येतो, पाऊस नुकताच धरलेला असतो तेव्हा. गोव्यात याच दिवशी ‘सांजांव’ असतो. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, फणस-अननस घरोघरी पोचतात. पाण्याचा इतका उघड आनंद दुसऱ्या फारशा सणांत नाही.

२००५ साली या सणाला महिना उलटला आणि २६ जुलै उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली. महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसं गेली. ज्या पाण्याने बाप्तिस्मा होतो, त्याच पाण्याने हे केलं. मग ते पाठवलं कोणी?

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेत एकच एक उत्तर कधीच नव्हतं. पण खुद्द येशूसमोर तो आला होता. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूच लोकांना विचारतो आणि नाही म्हणून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. पुढे तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हेही विसरता कामा नये. पण पश्चात्तापाची हाक जिवंत असलेल्यांना आहे. मेलेल्यांवर निवाडा देण्याचा अधिकार तो कोणाच्याही हाती ठेवत नाही.

तरी निवाडे दिले गेलेच. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन हादरलं. मिस्सेसाठी भरलेली चर्चेस माणसांसकट कोसळली, पेटलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या. गाब्रिएल मालाग्रिडा या जेझुइट धर्मगुरूने पत्रक काढलं: कारण जमिनीत शोधू नका, आपल्या पापांत शोधा. निवारे बांधण्यापेक्षा पश्चात्ताप करा, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. हेतू कितीही चांगला असो, ढिगाऱ्याखालच्या मुलाला त्या पापाचा वाटेकरी ठरवावं लागतं. या वादात रवींद्रनाथांचंच बरोबर होतं.

पापाची शिक्षा हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर समजून घ्यायला स्वयंपाकघरात जावं लागेल. जूनमधल्या अननसाचा उलटा केक थराथराने रचतात. तळाशी साखर वितळवून तांबूस करायची, त्यावर लोणी, मग चकत्या, वरून केकचं मिश्रण. चकत्या कापडाने टिपल्या नाहीत तर रस सुटून मधला थर कच्चट राहतो. १८० अंशांवर साधारण पाऊण तास. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं धीर धरायचा. लगेच उलटला तर केक मोडतो. फार थांबलं तर साखर घट्ट होऊन चकत्या तळालाच बसतात. हे सगळं एका भरवशावर चालतं: कालची उष्णता आजही तशीच वागेल. ती वितळलेली साखर बोटावर सांडली तर भाजतंच, करणारी कितीही भली बाई असो.

केंब्रिजमधलं भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद सोडून अँग्लिकन धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न याच वाटेने विचार करत. देवाने सृष्टीला आपल्या नियमांनी घडत राहण्याची मोकळीक दिली आहे, असं ते मांडत. भूपट्ट सरकतात म्हणून डोंगर उभे राहतात, आणि त्याच सरकण्याने गावं गाडली जातात.

युक्तिवाद भक्कम आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्यासमोर बसलेल्या आईला तो ऐकवणं निर्दयपणाच झाला असता. बायबलमधल्या दु:खी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. कारणं सांगायला तोंड उघडलं तिथे ते चुकले.

दु:खात गप्प राहणं वेगळं आणि पुढच्या पावसाआधी गप्प राहणं वेगळं. २६ जुलैनंतर माधवराव चितळे यांच्या समितीने मुंबईच्या पुराची कारणं शोधली ती नाले, मिठी नदी, भरती यांच्यात. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रातही सृष्टीची नासाडी हे पापच म्हटलं आहे. मालाग्रिडाचा शब्द इथे पुन्हा येतो, पण आता त्या शब्दाला पत्ता आहे: बुजवलेली खाडी, तोडलेली खारफुटी, नदीपात्रातलं बांधकाम. आणि बुडतात ते बहुतेक वेळा तिसरेच.

ऑक्टोबरात मुंबई-ठाण्याकडचा ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाज ‘आगेरा’ साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी नेतात, पावसाबद्दल देवाचे आभार मानतात. त्याच मिस्सेत जुलैत वाहून गेलेल्यांसाठीही थोडा वेळ उभं राहायला हवं.