उन्हाचा वाटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावच्या वसाहतीत एक कागद फिरत होता. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर एक संस्था वृद्धांसाठी निवास बांधणार होती आणि बांधकामाच्या नियमांत तीन सवलती मागण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या ना-हरकत सह्या गोळा करीत होती. एक मजला जास्त, गाड्यांसाठी जागा कमी आणि उत्तरेकडे चार मीटरऐवजी दोनच मीटर मोकळे अंतर. कागद कन्नडमध्ये होता. मी कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो. म्हणून शेजारच्या अज्जींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला आणि मला मराठीत समजावून दिला. प्लॉटच्या उत्तरेचे घर त्यांचेच.

येथे एक कबुली दिली पाहिजे. त्या निवासात एका खोलीसाठी मी नाव नोंदवले होते. मुलगा परदेशी, पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली, आणि जिना आता नकोसा होतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात राज्य सरकारांनी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा एका तरी निवासापासून सुरुवात करावी, अशी तरतूद आहे. पण मी निराधार नाही, नुसता एकटा आहे. माझ्यासारख्या पेन्शनराला अशा संस्थांचाच आधार. सही करून मोकळे व्हावे, असे फार वाटले.

परंतु अज्जींचे अंगण डोळ्यांपुढून जाईना. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्या उन्हात त्या सांडगे वाळवतात आणि गुडघे शेकत बसतात. गच्चीवर चढणे त्यांनी केव्हाच सोडले आहे. सवलत मिळाली की आपण म्हणतो, सरकारने दिली. या सवलतीत सरकारचे काय जाणार होते? जाणार होते ते अज्जींचे ऊन. एका म्हाताऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्या म्हातारीने किंमत मोजायची, आणि दानशूर म्हणून नाव मात्र तिसऱ्याचेच!

मग नियम दगडावरची रेघ समजावा काय? तसेही नाही. गाड्यांच्या जागेचा नियम गाड्या असतील असे धरून केलेला असतो. तेथे राहणाऱ्या बहुतेकांनी गाडी चालवणे सोडलेले असेल. त्यांच्यासाठी तेवढी जागा अडवून ठेवणे हा हट्ट झाला. मोकळ्या अंतराची गोष्ट मात्र उलटी आहे. आग लागली तर बंबाला वाट हवी, आणि तेथे राहणारे पळू शकणारे नाहीत. म्हणजे ज्या वार्धक्याचे कारण सांगून अंतर कमी मागायचे, त्याच वार्धक्यासाठी ते जास्त हवे.

काम चांगले आहे, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. बंगलोरच्या राजमहल विलास भागात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ती जागा उद्यानाचीच ठरवली. रुग्णालय वाईट असते असे कोण म्हणेल? पण मोकळी जागा सगळ्यांची होती. ती देऊन टाकणे कोणा एकाच्या हाती नव्हते.

मी अज्जींना विचारले, "तुम्ही सही करणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोली मिळते ना? मग करते." त्या उत्तराने मला अधिकच शरमल्यासारखे झाले. भिडेपोटी दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? शेजारधर्म त्यांनी पाळला. मी त्याचा फायदा उठवावा, हे मनाला पटेना.

शेवटी मी कागदावर मराठीत लिहिले : गाड्यांच्या सवलतीस हरकत नाही; उत्तरेचे अंतर कमी करण्यास व वरच्या मजल्यास हरकत आहे. खाली अज्जींनी तेच कन्नडमध्ये लिहून दिले. संस्थेच्या गृहस्थांनी हिशेब केला आणि आठ खोल्या कमी होतील असे सांगितले. माझे नाव यादीत अगदी शेवटी आहे.

खोली बहुधा मिळणार नाही. त्याची चुटपुट आहे, नाही असे नाही. तूर्त संध्याकाळी अज्जींच्या अंगणात दोन खुर्च्या असतात.