पाणी मोजणारे आणि पाणी वाटणारे

पाण्याच्या टंचाईवर बोलणे चालले असता एका सुविद्य गृहस्थांनी, ‘पाणी फुकट मिळते म्हणून नासते, रास्त भाव लावा म्हणजे प्रश्न सुटेल, जगभरच्या तज्ज्ञांनी हे केव्हाच ठरवून टाकले आहे,’ असा निकाल दिला, आणि ते वाक्य तेव्हापासून मनात सलत राहिले आहे. नद्या आटत चालल्या, विहिरींचे तळ खोल गेले, हे वाचकांस सांगावयास नको. सलते ते हे की, तज्ज्ञांनी नेमके काय ठरवले आणि त्यांचा अधिकार कोणत्या प्रश्नापुरता चालतो, याची चौकशी न करताच त्यांच्या नावाने वाद मिटवला जातो.

गृहस्थांच्या मनात १९९२ च्या जानेवारीत डब्लिन येथे भरलेली परिषद असणार. तेथे सरकारांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी चार तत्त्वे सिद्ध केली, आणि पाण्याच्या सर्व स्पर्धात्मक उपयोगांना आर्थिक मूल्य असून ते आर्थिक वस्तू मानावे, हे त्यांतील चौथे. परंतु याच तत्त्वाच्या विवरणात, परवडेल अशा दराने स्वच्छ पाणी मिळण्याचा मनुष्यमात्राचा मूलभूत हक्क प्रथम मान्य झाला पाहिजे, असे स्पष्ट नमूद आहे. आणि दुसरे तत्त्व तर निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर, पाणी वापरणाऱ्यांच्या सहभागाने व्हावेत असे सांगते. शीर्षवाक्य जगभर फिरले, विवरण मात्र दप्तरात राहिले.

पाणी मोजणे वेगळे आणि पाणी वाटणे वेगळे, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. खोऱ्यात किती पाऊस पडतो, धरणात गाळ किती साचला, भूजल किती उपसले तर पुन्हा भरून येईल, हे मोजमापाचे प्रश्न आहेत आणि तेथे तज्ज्ञाचा शब्द शिरोधार्य मानावा. परंतु तुटीच्या वर्षी आधी कोणाला द्यावयाचे आणि कोणी थांबावयाचे, हा वाटणीचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही मापकयंत्रावर उमटत नाही.

गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते, आणि मोठ्या वापरावर मोजून आकारणी झाली तर नासाडीला आळा बसेल, हे मान्यच केले पाहिजे. पण भाव हा पैसा पाहतो, तहान पाहत नाही. बोलिव्हियातील कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला, दर एकाएकी चढले, लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही गदा येणार असे दिसू लागले. तेव्हा शहरवासी आणि भोवतालचे शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले आणि २००० सालच्या एप्रिलमध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला.

वाटणीचे शहाणपण पाहावयाचे तर थोडी वाट वाकडी करून खानदेशातील पांझरेकाठी जावे. तेथील फडपद्धतीत नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, उसाचा फड आळीपाळीने बदलावयाचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे ते पंचांनी ठरवावयाचे. पाटकरी पाणी सोडी, जागल्या राखण करी, आणि त्यांचा मोबदला धान्यरूपाने मिळे. शतकानुशतके टिकलेली ही वहिवाट पाहिली की, वाटणी गावावर सोपवावी आणि तज्ज्ञाने मोजमापापुरते राहावे, असे म्हणण्याचा मोह होतो. मी लिहावयास बसलो तो हेच सांगण्यासाठी.

परंतु फडाचे पाणी जमीनधारकाचे होते. ज्याला जमीनच नाही त्याचे काय? पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीपंचायत उभारली, तेव्हा पाणी जमिनीच्या नव्हे, कुटुंबातील माणसांच्या हिशेबाने देऊन भूमिहीनालाही वाटा ठेवला. आणि याहून कठीण साक्ष महाडची आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले, तरी १९२७ च्या २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्यायले तेव्हा गाव खवळून उठले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. न्याय मिळाला तो १९३७ साली, गावाबाहेर, उच्च न्यायालयात. ज्या गावाजवळ वाटणीचे शहाणपण असते, त्याच गावाजवळ वगळण्याची ताकदही असते.

म्हणून मोजणे आणि वाटणे यांपलीकडे तिसरी गोष्ट हवी, आणि ती म्हणजे वगळलेल्याला गावाबाहेर दाद मागता येणे. २०१० च्या जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव १२२ विरुद्ध शून्य मतांनी केला, ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. गावाच्या शहाणपणावर भिस्त ठेवणाऱ्याला हा ठराव दूरचा वाटेल, परंतु ज्याला जवळच्यांनीच अडवले त्याला दूरच्याच न्यायाचा आधार असतो. उलट २०२३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या जलपरिषदेत शेकडो संकल्प नोंदले गेले, पण ते सारे ऐच्छिक असल्याने ते न पाळणाऱ्यास जाब विचारण्याची तजवीज नाही. तज्ज्ञांच्या पुढल्या परिषदांनी मोजमाप सर्वांसमक्ष खुले करावे, वाटणी वापरणाऱ्यांच्या हाती द्यावी, आणि हक्काचे संकल्प मात्र ऐच्छिक ठेवू नयेत; कारण दाद मागण्याची जागा नसेल तर पाण्याचा भाव कितीही अचूक ठरला, तरी तो ज्यांना पाणी आधीच मिळते त्यांच्यापुरताच ठरेल.