यजमान कोण?

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, आणि तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाहुण्याने किती दिवस राहावे, एवढेच ती सांगते. त्याला घरात कोणी घेतले, हे ती विचारीत नाही. घेणारा घरधनीच असणार, हे तिने धरून चाललेले आहे. इंग्लंडात आश्रयार्थ्यांना हॉटेलांत ठेवण्यावरून जो वाद माजला, तो वाचताना मला वाटू लागले, की तेथे हे धरून चालणेच मोडले आहे.

छळाला वा युद्धाला भिऊन आलेल्या माणसाने ब्रिटनमध्ये आश्रय मागितला आणि तो निष्कांचन असला, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला छप्पर देण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. पूर्वी ही सोय बहुधा भाड्याच्या घरांतून होई. २०२० च्या साथीपासून घरे पुरेनात, अर्ज तुंबले, आणि सरकारने हॉटेलेच्या हॉटेले घेतली. सप्टेंबर २०२३ अखेर ५६,००० वर माणसे त्यांत होती. जून २०२५ अखेर ३२,००० होती.

हॉटेल म्हटले की चैनीचे चित्र उभे राहते, आणि करदाता चिडतो. आत असते काय? एक खोली, ठरल्या वेळचे ताट, आणि हातखर्चाला २०२५ मध्ये आठवड्याचे दहा पौंडसुद्धा नव्हते. कामाला मनाई. स्वतःचा दोष नसताना अर्ज वर्षभर रखडला, तरच काही ठरावीक धंद्यांत काम करण्याची परवानगी मागता येते. म्हणजे माणसाला आपणच रिकामा बसवायचे आणि मग बोट दाखवायचे, की पाहा कसा रिकामा बसला आहे! सरकारी हिशेबतपासनिसांनी २०२५ च्या मे महिन्यात दाखवून दिले, की अशा माणसांपैकी शेकडा ३५ हॉटेलांत होती, पण निवाऱ्याच्या ठेक्यांवरील खर्चापैकी शेकडा ७६ हॉटेलांवर गेला. तो पैसा खोलीतल्या माणसाच्या खिशात गेला नाही, हे कळायला मात्र हिशेबतपासनीस लागत नाही.

आता गावाची बाजू. लंडनच्या ईशान्येस एपिंग म्हणून लहानसे गाव आहे. २०२५ च्या जुलैत तेथील बेल हॉटेलात ठेवलेल्या एकावर चौदा वर्षांच्या मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप आला. सप्टेंबरात तो सिद्ध होऊन त्याला कैद झाली. गाव रस्त्यावर आले. त्यांत बाहेरचे चिथावणीखोर होते, तशा गावच्या आयाही होत्या. मी मुलींना शिकवतो. त्या आयांना द्वेष्ट्या म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. स्थानिक कौन्सिल कोर्टात गेले ते मात्र इमारतीचा वापर परवानगीवाचून बदलला, या मुद्द्यावर. ऑगस्टात हायकोर्टाने हॉटेल रिकामे करण्याचा तात्पुरता हुकूम दिला, दहा दिवसांत वरच्या कोर्टाने तो फिरवला, आणि नोव्हेंबरात कायमची मनाईही नाकारली गेली. माझ्यासारख्या मॅट्रिकपाशी थांबलेल्या मास्तराला त्यातून एवढेच उमगले, की ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ या गाऱ्हाण्याला कायद्यात शब्द नव्हता. म्हणून इमारतीचा आधार घ्यावा लागला.

परंतु गाऱ्हाणे कोठवर जाऊ शकते, हेही पाहिले पाहिजे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी रॉदरहॅमजवळ अशाच एका हॉटेलवर जमाव चालून गेला आणि माणसे आत असताना दाराशी आग लावली. साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली होती, आणि मारेकरी आश्रयार्थी असल्याची अफवा उठली होती. तो कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. पण समजा, तो खरोखरच आश्रयार्थी असता. तरी रॉदरहॅमच्या खोल्यांतल्या माणसांनी काय केले होते?

हे मी साधुत्वाच्या आवेशात लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाळेच्या वर्गांतून पूरग्रस्त कुटुंबे राहिली. पहिले तीन दिवस घरोघरच्या भाकऱ्या आल्या. आठव्या दिवशी माझ्या फळ्याच्या खिळ्याला दोरी बांधून एका म्हातारीने लुगडे वाळत घातलेले दिसले, आणि मी विचारले, “आजी, कधी निघायचं?”

“पाण्याला इचारा की, मास्तर,” ती म्हणाली.

माझा वर्ग मला न विचारता दिला गेला, हा माझा राग होता. हुकूम देणारे साहेब तालुक्याला होते. म्हातारी समोर होती. एपिंगलाही तसेच झाले. हुकूम लंडनचा, ठेका कंपनीचा, भाडे हॉटेलवाल्याचे. गावाला दिसला तो फक्त पाहुणा. २०२५ च्या अखेरीस सरकारने काहींना लष्करी बराकींत हलवण्याचे योजले. तेथे पाहुणा दिसणार नाही इतकेच. यजमान तेथेही कोणी असेल, असे मला वाटत नाही.

पाणी ओसरल्यावर म्हातारीने वर्ग झाडून काढला, दोरी सोडून गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली, आणि किल्ली कोणाला द्यायची म्हणून विचारले. मला पटकन सांगता आले नाही.