डावी डिस्क

इस्राफ हा शब्द आपल्या घरांत फार सहज वापरला जातो. ताटात भात उरला, नळ उघडा राहिला, लग्नात रोषणाई जास्त झाली, की कुणीतरी वडीलधारे माणूस हा शब्द उच्चारते आणि चर्चा संपते. शब्द बरोबर असतो, पण चर्चा संपायला नको असते. कुठला खर्च उधळपट्टी आणि कुठला खर्च दुसऱ्याचा हक्क, हे नेहमीच ताटातल्या भाताइतके सरळ नसते. या प्रश्नाची एक गाठ मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्या खालाच्या मुलाच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या ब्रेकमध्ये.

गाडी माझदा एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या टपाची. ही गाडी १९८९ साली प्रथम लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत कंपनीने अशा दहा लाख गाड्या बनवल्या. भाईजानची गाडी पहिल्या पिढीतली, १९९० च्या दशकातली, १८०० सीसी इंजिनाची. ती रोजच्या कामाची नाही. हिवाळाभर ती ताडपत्रीखाली उभी असते आणि उन्हाळ्यात एखाद्या रविवारी बाहेर निघते. भाईजान तिला जपतो, आणि जपण्यातच घोटाळा होता.

ब्रेकची डिस्क बिडाची असते. आपल्याकडे बिडाचा तवा ज्यांनी वापरला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तवा रोज चुलीवर चढला तर काळाभोर आणि गुळगुळीत राहतो, ओला ठेवून आठ दिवस विसरला की लाल होतो. डिस्कचेही तसेच. तिच्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाला रंग देता येत नाही, तेल लावता येत नाही. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. पण महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत हा थर खोल जातो, खड्डे पाडतो. त्यात तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. मग बाकीचे काम मीठ करते. रोज राबणाऱ्या गाडीपेक्षा कौतुकाने झाकून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक लवकर कुजतात, हे ऐकून मला आमच्या शाळेतल्या कुलूपबंद प्रयोगशाळेची आठवण झाली. असो.

तर पुढच्या उजव्या चाकाच्या डिस्कची आतली बाजू सडली होती. बाहेरची बाजू, जी चाकाच्या आऱ्यांमधून दिसते, ती चकचकीत होती. आतल्या बाजूला मात्र पापुद्रे सुटलेले, पॅड जेमतेम अर्ध्या भागावर टेकत होते. तिकडे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. त्यात ब्रेकचा जोर यंत्रावर मोजतात, पण चाके खोलत नाहीत. गाडी त्या वर्षी तपासणीत पास झाली होती. म्हणजे कायद्याचे समाधान झालेले होते. चाक भाईजानने स्वतः खोलले म्हणून आतली बाजू दिसली.

डाव्या चाकाची डिस्क बरी होती. या गाडीची पुढची डिस्क नवी असताना २० मिलिमीटर जाड असते, १८ झाली की बदलायची. डावी १९ भरली. भाईजानने दोन्ही डिस्क आणि दोन्हीकडचे पॅड मागवले. तिथे खालूंनी त्याला अडवले.

"डावी चांगली आहे ना बेटा? मग ती का काढतोस? हा इस्राफ आहे."

"अब्बा, एका बाजूची नवी आणि दुसरी जुनी ठेवली तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढली जाते. त्या जोडीनेच बदलतात."

"इतकी वर्षं काही झालं का? अल्लाह मालिक आहे."

खालूंना कंजूस समजू नका. आयुष्यभर पाळीपाळीने काम करून त्यांनी घर उभे केले, गावाकडच्या मदरशाला पैसे पाठवले. ज्यांनी एक-एक बूट तळवे बदलून चार वर्षे वापरला त्यांना चांगली वस्तू फेकताना जिवाला लागते, आणि ते लागलेच पाहिजे. दोघांनीही मला फोनवर पंच नेमले. मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते, एवढ्याच भांडवलावर.

विज्ञानाची बाजू सोपी. हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात जी ऊर्जा असते, तेवढीत साधारण सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल. ब्रेक मारला की ती सगळी उष्णता काही सेकंदांत डिस्कना पोटात घ्यावी लागते. त्यातही पुढच्या दोघींना जास्त, कारण थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. १९ मिलिमीटरचे बीड भरपूर वाटते, पण वापरायचे आयुष्य त्यातले वरचे एकच मिलिमीटर. शिवाय मापही फसवे. माप घेणारा स्क्रू सर्वांत उंच जागी टेकतो, खड्डे त्याला कळत नाहीत. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आजारी डिस्क मापात निरोगी डिस्कपेक्षा जाडही भरू शकते!

नैतिक बाजू इतकी सोपी नाही. खालूंच्या "इतकी वर्षं काही झालं का" या वाक्यात एक जुना तिढा आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी त्यावर लेखन केले. त्यात एका चालकाचे उदाहरण येते, ज्याच्या गाडीखाली लहान मूल सापडते. नेगेलने त्यात ब्रेकच घातला आहे. समजा त्या चालकाने ब्रेक तपासून घेण्यात थोडी हयगय केली होती. तशीच हयगय करणारा दुसरा चालक त्याच संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचतो, कारण त्याच्या वाटेत मूल आलेच नाही. दोघांची हयगय सारखी, मग दोष सारखा का मानला जात नाही? आपण पहिल्याला जन्मभर अपराधी म्हणतो, दुसऱ्याशी हसून बोलतो.

मला वाटते, नियतीवर, म्हणजे इराद्यावर, अमलाची किंमत ठरते असे मानणाऱ्या माणसाने तरी या दुसऱ्या चालकाला इतक्या सहज सोडू नये. मूल वाटेत न येणे ही त्याची कमाई नव्हे. "काही झालं नाही" हा पुरावा त्याच्या बाजूने देता येत नाही, कारण ते न होण्यात त्याचा वाटा काहीच नव्हता. आणि तवक्कुलचा अर्थ उंट मोकळा सोडणे असा नाही, हे खालूंनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते.

ब्रेक गाडीमालकाच्या मालकीचा असतो, पण तो ज्याच्यासाठी असतो तो माणूस रस्त्याच्या कडेने चाललेला असतो. त्याला ही गाडी अस्तित्वात आहे हेही माहीत नसते. त्याने कधी करार केलेला नाही, तक्रार करायलाही तो येणार नाही. हुकूकुल-इबाद, बंद्यांचे हक्क, हा विषय आपण उसनवारी आणि वारसाहक्कापुरता ठेवला आहे. मला तो त्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर जास्त लागू वाटतो. म्हणून डाव्या डिस्कवरचा खर्च मी इस्राफमध्ये धरला नाही. इस्राफच शोधायचा तर वर्षातून दहा दिवस चालणारी दुसरी गाडी ठेवण्यात शोधा, असे मी भाईजानला सुनावले. त्याचे त्याने उत्तर दिले नाही. मात्र नवी गाडी घेण्यापेक्षा तीस वर्षांची गाडी हाताने दुरुस्त करणारा माणूस मला उधळ्याही वाटत नाही. हा मुद्दा मी अर्धाच सोडते.

काम त्याने एका शनिवारी केले. उजवी डिस्क गंजाने हबला चिकटली होती. तिच्यात यासाठीच दोन आट्यांची भोके ठेवलेली असतात, त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत तिला सोडवले. कॅलिपर होजवर लोंबू नये म्हणून तारेने वर टांगला. हबचे तोंड तारेच्या ब्रशने तासभर घासले, कारण तिथे गंजाचा एक खडा राहिला तरी नवी डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरते. नव्या डिस्कचे तेल पुसले. शेवटी गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल बरेचदा दाबले, कारण मागे ढकललेले पिस्टन पुढे येईपर्यंत ते थेट तळाला जाते. हे विसरून पहिल्याच फुटावर भिंतीला धडकणारे असतात म्हणे. खालू शेजारी उभे राहून टॉर्च धरत होते.

डावी डिस्क उरली. ती विकत घ्यायला एकजण तयार झाला, त्याच्याकडेही तशीच गाडी होती. भाईजानने मला पुन्हा फोन केला. जी मी माझ्यासाठी नाकारली ती त्याला कशी देऊ? आणि ती चांगली असेल, तर मी नाकारली का? मी म्हटले, माप सांग, आतली बाजू दाखव, आणि जोडीची गोष्टही सांग. त्याने तिन्ही सांगितले. त्या माणसाने डिस्क दोन-तीनदा उलटसुलट केली आणि न घेता गेला. मग ती वजनावर भंगारात गेली, उजवीच्याच पोत्यात. बीड वितळून पुन्हा बीडच होते, आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतही भंगार असेच भट्टीत जाते, असे मी खालूंना सांगितले. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण ती चांगली होती."