कर्माचा अनुबंध

हाती घेतलेले कार्य पुरे झाले म्हणजे ते यशस्वी झाले, असा सर्वसाधारण समज आहे. संस्थेचे चालक असोत वा सरकारी खात्याचे अधिकारी, सर्वांची दृष्टी पूर्तीच्या दिवसाकडे लागलेली असते. परिणामांविषयी कोणी विचारलेच, तर ‘आपण कर्म करावे, फळाची चिंता कशाला?’ असे उत्तर गीतेच्या नावावर दिले जाते. हे उत्तर गीतेचे नाही. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी चार गोष्टी गणल्या आहेत : अनुबंध, क्षय, हिंसा व पौरुष. मागून येणारा परिणाम, होणारी हानी, इतरांस पोचणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि परिणामांकडे पाठ फिरविणे निराळे.

‘अनुबंध’ शब्दाची मोठी मौज आहे. मराठीत तो स्नेहाचा धागा होतो, जबलपूरकडील हिंदीत करारनामा. संस्कृतात मात्र कर्माच्या मागे बांधलेले जे जे ओढले येते, ते अनुबंध. करारनामा चोख झाला म्हणून हा अनुबंध पाहिला गेला, असे होत नाही.

त्याच जबलपूरनजीक नर्मदेवर बरगीचे धरण आहे. काम 1974 मध्ये सुरू झाले, 1990 मध्ये पुरे झाले. सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा बांध उभा राहिला, नव्वद मेगावॅटचे वीजगृह झाले. रचनेच्या दृष्टीने हे मोठेच कर्तृत्व. परंतु 101 गावांना झळ पोचेल असा अंदाज असता जलाशय भरल्यावर ती संख्या 162 झाली. विस्थापितांसाठी वसविलेल्या काही वसाहतींतही पाणी शिरले! घर बांधणारा साधा गृहस्थदेखील आपल्या पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडेल, हे आधी पाहतो.

पौरुषाचेही तसेच. याच प्रकल्पाच्या उजव्या कालव्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे बारा किलोमीटरचा बोगदा 2008 मध्ये हाती घेण्यात आला. तो 2011 पर्यंत व्हावयाचा होता. कोठे कठीण खडक, कोठे भुसभुशीत थर व पाणी. मुदतीनंतर दहा वर्षे उलटली तरी खोदाई चालूच होती. आपले यंत्र कोणत्या भूमीशी झुंजणार आहे, हे पाहणे पौरुषाच्या विचारातच मोडते.

यावर कोणी म्हणेल, सर्व परिणाम मनुष्यास कसे कळावे? गीतेनेही कार्यसिद्धीच्या पाच कारणांत दैव सांगितले आहेच. खरे आहे, पण ते पाचवे. अधिष्ठान, कर्ता, साधने व प्रयत्न ही चार आधी येतात. पाणी कोणत्या उंबरठ्यापर्यंत चढेल, हा मोजणीचा विषय आहे. तो दैवावर ढकलता येत नाही. बहुतेक कार्यांत दैवाचे नाव निघते ते मोजणी करावयाची राहिल्यावरच.

बरगीच्या विस्थापितांनी पुढे संघटना केली. 1994 मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाकडे आला. जी शेते त्यांनी कसली होती, त्यांच्यावरील पाण्यात जाळे टाकण्याचा हा हक्क धरण पुरे झाल्यानंतर चार वर्षांनी त्यांना मिळाला.