अरण्यातील वाणी आणि हिस्पानिओलाचे सोने



आगमनकाळात दरवर्षी आपल्याला अरण्यातून हाक देणारा योहान भेटतो. आपण ते वाचन ऐकतो आणि घरी जाऊन करंज्यांच्या, चांदणीच्या, गव्हाणीच्या तयारीला लागतो. उंटाच्या केसांचे वस्त्र नेसलेला हा माणूस आपल्या नाताळात कुठे बसत नाही, हे खरेच. पण एका वर्षी याच योहानावर केलेल्या प्रवचनाने अख्ख्या वसाहतीची झोप उडवली. ती घटना १५११ सालची, कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावरची आहे. आज त्या बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत.

कोलंबस १४९२ साली तेथे पोहोचला. पुढच्याच वर्षी पोप अलेक्झांडर सहावे यांनी आज्ञापत्र काढून अटलांटिकपलीकडील प्रदेश स्पेनच्या राजा-राणीला बहाल केला आणि तेथील लोकांना ख्रिस्ताची ओळख करून देण्याची जबाबदारीही सोपवली. १४९४ साली स्पेन व पोर्तुगालने आपापसात करार करून समुद्रावर रेघ ओढली. बेटावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या तायनो लोकांना कोणी काही विचारले नाही.

युरोपची माणसे एवढ्या दूर का गेली, याची कारणे शाळेच्या पुस्तकात दिलेली असतात: मसाले, सोने, व्यापार, धर्मप्रसार. ती खोटी नाहीत. परंतु हिस्पानिओलात या कारणांचा क्रम फार लवकर स्पष्ट झाला. आलेले बहुतेक लोक झटपट श्रीमंत होऊन मायदेशी परतण्याच्या इराद्याने आले होते. खाणीतून निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा असे. तेव्हा सोने निघत राहावे, यात बेटावरच्या वसाहतवाल्यांचे आणि समुद्रापलीकडच्या दरबाराचे हित एकच होते.

सोने काढण्यासाठी हात लागतात. त्यासाठी जी व्यवस्था उभी राहिली तिचे नाव एन्कोमिएन्दा. या शब्दाच्या मुळाशी ‘सोपवणे’ असा अर्थ आहे. एकेका स्पॅनिश माणसाकडे तायनो कुटुंबे सोपवली जात. त्याने त्यांचे रक्षण करायचे, त्यांना धर्मशिक्षण द्यायचे आणि त्यांनी त्याच्यासाठी काम करायचे. कागदावर वाचले तर धर्मकार्यच वाटावे! प्रत्यक्षात पुरुषांना महिनोन्महिने घरापासून दूर खाणीत राबवले जाई. मागे शेती ओस पडे, पोरे उपाशी मरत. १५१४ साली पुन्हा वाटप झाले तेव्हा मोजणीत पंचवीस हजारांच्या आसपास तायनो उरले होते. मूळ संख्या किती होती यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण ती याच्या कितीतरी पट होती, यात वाद नाही. हे लोक केवळ रोगराईने गेले, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण देवीची साथ बेटावर आली ती १५१८ च्या अखेरीस. तोवर गावेच्या गावे रिकामी झाली होती.

डोमिनिकन संघाचे मूठभर धर्मगुरू १५१० साली तेथे आले. गवताच्या झोपडीत राहत. त्यांनी आधी पाहिले, ऐकले, माहिती गोळा केली. मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले आणि प्रत्येकाने त्यावर सही केली. ही बाब मला फार मोलाची वाटते. व्यासपीठावर एकजण उभा राहणार होता, पण परिणाम सर्वांनी वाटून घ्यायचे ठरले होते. ते वाचण्याची जबाबदारी त्यांचे प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा यांनी फादर आंतोनिओ मोंतेसिनोस यांच्यावर टाकली. शहरातील प्रतिष्ठितांना खास निमंत्रणे गेली. २१ डिसेंबर १५११ च्या रविवारी मिस्साबलीला कोलंबसाचा मुलगा, गव्हर्नर दिएगो कोलंबस, जातीने हजर होता.

मोंतेसिनोस यांनी सुरुवात योहानापासून केली. या बेटाच्या अरण्यात मी ख्रिस्ताची वाणी होऊन आलो आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी समोरच्यांना थेट विचारले, की कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना गुलाम केलेत? ही माणसे नाहीत काय? यांना आत्मा नाही काय? अशा अवस्थेत तुमचे तारण होणार नाही, हेही त्यांनी बजावले.

जेवणानंतर मंडळी झोपडीवर चालून गेली. फादरांनी शब्द मागे घ्यावेत, नाहीतर जहाजात बसून चालते व्हावे, अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी तेच बोलतील, एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या रविवारी माफी ऐकायला चर्च भरून गेले. मोंतेसिनोस यांनी मागचाच मुद्दा आणखी पुराव्यानिशी मांडला आणि जाहीर केले, की यापुढे अशा मालकांचे पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही.

राजा फर्डिनंड संतापला. तरी १५१२ साली त्याला बुर्गोसचे कायदे करावे लागले. त्यांत मजुरांच्या अन्नाची, विश्रांतीची, निवाऱ्याची कलमे होती. एन्कोमिएन्दा मात्र शाबूत राहिली. व्यवस्थेला हात न लावता तिला सौम्य करण्याचा हा मार्ग राज्यकर्त्यांना नेहमीच आवडतो.

पण एक बी रुजले होते. बार्तोलोमे दे लास कासास हे स्वतः धर्मगुरू असूनही त्यांच्याकडे अशी ‘सोपवलेली’ माणसे होती. एका डोमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा नाकारलीही होती. १५१४ साली क्युबामध्ये पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना बेनसिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबाची भाकर हिरावून केलेले अर्पण देवाला चालत नाही, असा त्याचा आशय. त्यांनी आपली माणसे सोडून दिली आणि पुढे १५६६ साली मरेपर्यंत याच कामाला वाहून घेतले. तेही निर्दोष नव्हते. तायनो वाचावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्यांनी एकेकाळी सुचवले आणि नंतर त्याचा पश्चात्ताप केला. आफ्रिकन गुलाम मात्र येतच राहिले. १५२१ च्या नाताळात त्यांनी बेटावर पहिला मोठा उठाव केला, तोही दिएगो कोलंबसच्याच उसाच्या मळ्यावर. दहा वर्षांपूर्वी योहानावरचे प्रवचन ऐकणारा तोच हा गव्हर्नर.

हे सारे आपल्याला परके नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा मिळाला. वसईच्या किल्ल्यात डोमिनिकन संघाच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. ज्या राजाच्या जहाजांतून तोफा आल्या त्याच जहाजांतून धर्मगुरूही आले. काहीजण म्हणतात, एवढे मान्य केले की आपली श्रद्धाच उसनी ठरते. मला तसे वाटत नाही. श्रद्धा देवाची देणगी आहे. जहाजाच्या मालकाचे त्यासाठी गोडवे गाण्याची गरज नाही.

चर्चनेही हे बोलून दाखवले आहे. पोप पॉल तिसरे यांनी १५३७ मध्येच लिहिले होते, की या लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली बोलिव्हियात आणि २०२२ साली कॅनडात मूळनिवासींची क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने नव्या भूमीच्या ‘शोधा’तून मालकी ठरवणारा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला. त्या रेघेनंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटला होता.

लवकरच आपण नाताळपूर्व पापनिवेदनाला रांगेत उभे राहू. मोंतेसिनोस यांच्यासमोर बसलेले लोक उपवास करत, जपमाळ म्हणत, मिस्सा चुकवत नसत. त्यांच्या पापांच्या यादीत खाण कधी येतच नव्हती. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातील आदिवासी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर येतात, आपल्या बांधकामांवर, वाड्यांत राबतात. “आम्हीच तर यांना पोसतो” हे वाक्य मी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ज्यांच्याकडे असा हिशोब चालू आहे त्यांनी रांगेत येण्याआधी वही उघडावी: उचल किती दिली, फेडून किती झाली, आणि मूल शाळेत आहे की भट्टीवर.