शेवटच्यांची मजुरी

"बीडीडीवाल्यांना पाचशे फूट फुकटात, आणि आम्ही जन्मभर हप्ते फेडायचे!" बीडीडी चाळींच्या पुनर्विकासावरचं, दादरला मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही.

शेजाऱ्याच्या घराचा लोभ दहाव्या आज्ञेत निषिद्ध आहे, हे कुणाला सांगायला नको. त्यावरचा रूढ उपायही ठाऊक आहे: दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, आहे त्यात समाधान मानावं. मलाही तो पटत आला आहे. पण मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी नेमकं उलट करतो. दिवस मावळता मावळता आलेल्यांना तो आधी मजुरी देतो, आणि तीही पूर्ण दिवसाची. पहाटे आलेल्यांना आधी दिली असती, तर ठरलेला दिनार घेऊन ते आनंदाने घरी गेले असते. धन्याने त्यांना बघायला लावलं.

ही गोष्ट गिरणगावाइतकी कुणाला कळेल? लालबाग-परळच्या गिरण्यांच्या फाटकाशी बदली कामगार रोज सकाळी उभे राहत. कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर रिकाम्या हाताने खोलीवर परत. त्या गोष्टीत दिवस ढळेपर्यंत चौकात उभे असलेले मजूरही आळशी नव्हते. आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही, एवढंच त्यांचं उत्तर. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणीही होती. तिला मत्सर म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे. 'मलाही मिळावं' ही मागणी. 'त्याला का मिळालं' हा मत्सर.

चर्चच्या फाटकाशी बोलणारे गृहस्थ म्हणतील, हा न्यायाचाच प्रश्न आहे. त्यांचे हप्ते खरे, मुंबईतले घरांचे भावही क्रूर. त्याचा जाब सरकारला आणि बिल्डरला जरूर विचारावा. पण नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत 160 फुटांच्या खोलीत, सामाईक संडासांसमोर रांगा लावत पिढ्या वाढल्या. त्यांना 500 फूट मिळाल्याने यांचा एक फूटही कमी झालेला नाही. पहाटेच्या मजुरांचाही दिनार पूर्ण होता. त्यांना सलली ती बरोबरी.

म्हणून नजर वळवण्याचा उपाय मला आता अपुरा वाटतो. रडणाऱ्याबरोबर रडण्यापेक्षा आनंद करणाऱ्याबरोबर आनंद करणं कठीण, हे संत ख्रिसोस्तोमने चौथ्या शतकातच ओळखलं होतं. पौलही तुरुंगातून लिहिताना समाधान आपण शिकलो, असंच म्हणतो. दुसऱ्याचं भरलेलं ताट पाहून बरं वाटणं, हाच मला त्या शिक्षणातला अवघड धडा वाटतो.

धर्मगुरूंना माझी विनंती आहे: समाधानावरचं प्रवचन आधी ज्यांचा दिनार पूर्ण आहे त्यांना द्या. फाटकाशी कामाची वाट बघत उभ्या असलेल्यांना आधी काम मिळू द्या.